‘बाई सहकार्य करत नाहीत’ असं लिहिण्याआधी

प्रश्न : एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) होऊन वर्ष झालं. नवी मुंबईतल्या एका संस्थेत क्षयरुग्णांच्या पाठपुराव्याचं काम करते. माझ्याकडे दिघ्याच्या इलठणपाड्यात राहणाऱ्या एक बाई आहेत. वय 36, वजन 41 किलो. ऐरोलीत चार घरची धुणीभांडी करतात, नवरा काम मिळेल तेव्हा टेम्पोवर जातो. घरात सासू, 14 वर्षांची मुलगी, 7 वर्षांचा मुलगा. उपचाराचे तीन महिने झाले. रोज तीन गोळ्या. तिसऱ्या महिन्याचं पाकीट संपायला हवं होतं त्या दिवशी 14 गोळ्या शिल्लक निघाल्या. विचारलं तर ‘हो हो, घेते ना’. दोनदा घरी गेले. एकदा दार उघडलं नाही, एकदा सासूबाई म्हणाल्या ‘ती घरी नाही’, पण त्यांच्या चपला दारातच होत्या. समुपदेशनासाठी केंद्रावर तीनदा बोलावलं, आल्या नाहीत. गोळ्या न्यायला मात्र दर महिन्याला येतात, सकाळी, घाईघाईत. वरिष्ठ म्हणतात, ‘असहकार’ लिही आणि पुढे चल, 60 केसेस आहेत. कॉलेजात शिकवलं होतं, माणसाला त्याच्या परिस्थितीसकट समजून घ्या. परिस्थिती समजली हो, गरिबी आहे. पण समजून करायचं काय?
— एक कार्यकर्ती, ऐरोली

उत्तर : फाइल बंद करू नका. बंद का करू नये, हे तुमच्याच पत्रात आहे. बाई दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात. केंद्र सकाळी उघडतं, त्यांची कामंही सकाळचीच. म्हणजे प्रत्येक वेळी एखाद्या घरी उशीर होतो किंवा खाडा पडतो. ज्याला उपचार सोडायचेच आहेत, तो खाडा करून गोळ्या न्यायला येत नाही. त्या अर्धं काम करत आहेत. उरलेलं अर्धं कुठे अडतंय, ते तुम्हाला शोधायचं आहे.

आधी गोळ्यांचा हिशेब नीट करू. 35 ते 49 किलो वजनाला रोज तीन गोळ्या, 28 दिवसांच्या 84. त्यातल्या 14 उरल्या. चार दिवस पूर्ण चुकले असते तर 12 उरल्या असत्या, पाच दिवस चुकले असते तर 15. चौदाला तिनाने भाग जात नाही. म्हणजे काही दिवशी बाईंनी तीनऐवजी दोन किंवा एकच गोळी घेतली आहे. दिवसच्या दिवस बुडणं आणि गोळ्या कमी घेणं यांची कारणं वेगळी असतात. दिवस बुडतो तेव्हा बहुधा पाहुणे, गावची फेरी, आजारपण किंवा पाकीट लपवण्याची वेळ आलेली असते. गोळ्या कमी होतात तेव्हा पोटात मळमळतंय, ‘गोळ्या गरम पडतात’ असं वाटतंय किंवा पाकीट पुरवायचा प्रयत्न चाललाय असं समजा. ‘गोळ्या घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येणार. ‘काल तीन घेतल्या की दोन? तिसरी का नको वाटली?’ असं विचारलंत तर बोलणं सुरू होईल. आणि 14 हा आकडा वैद्यकीय अधिकाऱ्यांना आजच कळवा. थुंकी पुन्हा तपासायची का, चुकलेल्या मात्रा उपचाराचे दिवस वाढवून भरून काढायच्या का, हे ते ठरवतील. तो निर्णय तुमचा नाही आणि बाईंचाही नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘गरिबी आहे’ ही परिस्थितीची समज नव्हे, तो एक शिक्का आहे. ‘असहकार’ हाही शिक्काच, फक्त जरा रागाचा. गरिबी पाड्यातल्या प्रत्येक घरात आहे, तरी शेजारची बाई गोळ्या वेळेवर घेत असेल. परिस्थिती समजली असं कधी म्हणायचं? तुम्ही मागताय ती गोष्ट या बाईंच्या दिवसात कुठे बसत नाही, हे जेव्हा तासासकट सांगता येईल तेव्हा.

म्हणून दिवस मांडायला घ्या. ‘साधारण किती वाजता उठता?’ असं विचारू नका, कारण साधारण दिवस कोणाचाच नसतो. कालचा दिवस विचारा. उठल्यावर पहिलं काय केलं? पाणी किती वाजता आलं, कोणी भरलं? संडासला रांग होती का? निघताना पोटात काय होतं, नुसता चहा की चहाबरोबर काही? ऐरोलीला कशा गेल्या, चालत, शेअर रिक्षाने, एनएमएमटीच्या बसने की दिघा गाव स्थानकावरून लोकलने? (हे स्थानक जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं, त्यामुळे कोणाचे दहा रुपये आणि अर्धा तास वाचला आणि कोणाचा काहीच नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही.) पहिल्या घरी किती वाजता, कुठल्या घरी बसून चार घास मिळतात, कुठल्या घरी उभ्यानेच? परत कधी? दुपारी पाठ टेकली का? रात्री सगळ्यांत शेवटी जेवलं कोण? अर्ध्या तासात हे सगळं निघतं. लिहीत बसू नका, ऐका आणि बाहेर पडल्यावर लिहा.

मग गोळ्यांची वेळ त्या दिवसावर ठेवून बघा. सकाळी सहाला नुसत्या चहावर तीन गोळ्या घेऊन बाई निघाल्या आणि पहिल्याच घरी भांडी घासताना उमळून आलं, तर दुसऱ्या दिवशी त्या एक गोळी कमी करणारच. बाईंचा त्यामागे हिशेब आहे, मालकिणीसमोर ओकारी काढायची नाही. मळमळत असेल तर हलकं काही खाऊन गोळ्या घ्याव्यात की वेळ बदलून रात्री घ्याव्यात, हे डॉक्टरांना विचारून ठरवता येतं. एवढ्या एका बदलाने सुटणाऱ्या ‘असहकारी’ केसेस बऱ्याच असतात. आणखी एक. रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाने लघवी नारिंगी-लालसर होते, कधी घामाचाही रंग बदलतो. पहिल्याच आठवड्यात हे कोणी सांगितलं नसेल तर बाईंनी ते रक्त किंवा ‘उष्णता’ समजून परस्पर उपाय सुरू केलेला असतो, आणि तो उपाय बहुतेक वेळा गोळी कमी करण्याचा असतो.

दिवसानंतर पैसा, तोही तारखेने. मासिक उत्पन्नाचा आकडा विचाराल तर घाबरून कमी किंवा लाजून जास्त सांगतील आणि तुम्हाला दोन्हींचा उपयोग नाही. चार घरांचा पगार कुठल्या तारखेला येतो, भाडं कधी, भिशी कधी, किराण्याची उधारी कधी फेडायची, एक खाडा झाला तर पैसे कापतात का, आणि महिन्याला किती खाडे चालतात, हे विचारा. महिन्याला दोन खाडे चालत असतील आणि त्यातला एक गोळ्या नेण्यात, एक मुलाच्या शाळेत गेला, तर तुमच्या समुपदेशनाचं बोलावणं हा तिसरा खाडा होता. तीनदा बोलावलंत, म्हणजे तुम्ही त्यांच्याकडे कापला जाईल असा पगार तीनदा मागितलात. तुम्हाला ते माहीत नव्हतं, त्यांना सांगता आलं नाही, आणि रजिस्टरमध्ये ‘गैरहजर’ पडलं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत नाजूक आहे. क्षयाचं कोणाला माहीत आहे आणि कोणाला कळता कामा नये? बंद दाराचं उत्तर बहुधा इथे असतं. चारांपैकी एका घरी कळलं तर चारही घरं जातील, कारण ऐरोलीतल्या सोसायट्यांमध्ये कामाच्या बायकांची बातमी लिफ्टपेक्षा लवकर वर जाते. मुलगी 14 वर्षांची आहे, म्हणजे तिच्या सोयरिकीचा विचार घरात कोणीतरी आत्ताच करत असेल. सासूबाई दारात खोटं बोलल्या त्या कदाचित सून वाचवायलाच. किंवा त्यांनाही खरं सांगितलेलं नसेल आणि सुनेनेच आतून खूण केली असेल. दोन्ही शक्यता उघड्या ठेवा.

गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, पाठीवर छापील बॅग आणि शेजाऱ्यांना पत्ता विचारत तुम्ही गेलात, तर गल्लीला बातमी तुम्हीच दिलीत. ओळखपत्र सोबत असू द्या, पण पर्समध्ये. पत्ता आधी नीट समजून घ्या. फोन करण्याआधी तो नंबर कोणाचा आहे ते विचारा. बऱ्याच घरांत नंबर नवऱ्याचा असतो आणि मेसेज मुलगी वाचते. मेसेजमध्ये आजाराचं नाव, औषधाचं नाव, संस्थेचं नाव काहीही नको. कामाच्या ठिकाणी तर अजिबात जाऊ नका, वॉचमनच्या वहीत ‘कोणाकडे, कशासाठी’ हा रकाना असतो.

मग भेटायचं कुठे? त्या जिथे हमखास येणार आहेत तिथे, गोळ्या नेण्याच्या दिवशी. केंद्रावरच्या ताईंना आधी सांगून ठेवा आणि दहा मिनिटं मागा, अर्धा तास नको. पहिला प्रश्न एकच : ‘तुम्हाला कुठे आणि किती वाजता भेटलेलं सोपं पडेल, आणि कोणासमोर मी भेटू नये?’ दुपारी शेवटचं घर आटोपून परतताना स्टेशनपर्यंतच्या वाटेवर बोलणं अनेकींना सोयीचं पडतं. सोबत चालणारी बाई कोणाच्या डोळ्यात भरत नाही. चालता चालता माणूस जास्त बोलतो, समोरासमोर बसल्यावर उत्तरं देतो.

दोन-तीन भेटींनंतर कागदावर संबंधांचा नकाशा काढा. समाजकार्याच्या अमेरिकी अभ्यासक अ‍ॅन हार्टमन यांनी 1975 च्या सुमारास बालकल्याणाच्या क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांसाठी तयार केलेलं हे साधन आहे. कॉलेजात इकोमॅप म्हणून तुम्ही ते काढलंही असेल, बहुधा दहा गुणांसाठी. ए-फोर कागद, मधे मोठं वर्तुळ, त्यात घरातली माणसं. भोवती छोटी वर्तुळं : चारही घरं वेगवेगळी (एकच ‘काम’ नव्हे), आरोग्य केंद्र, मुलांची शाळा, रेशन दुकान, बँक, भिशी, माहेर, गाव, देवस्थान, उधार देणारा दुकानदार. भक्कम नात्याला जाड रेघ, तकलादू नात्याला तुटक, ताणाच्या नात्याला आडव्या काट्यांची. मग बाण काढा, कारण नकाशाचं खरं काम बाणांत आहे. बाईंची ताकद कुठे जाते आणि कुठून परत येते? सगळे बाण बाहेरच जाणारे निघाले तर आणखी एक ‘समुपदेशन सत्र’ म्हणजे बाहेर जाणारा आणखी एक बाण, हे डोळ्यांना दिसतं.

यात चुका ठरलेल्या आहेत. कार्यकर्ती नकाशा ऑफिसात बसून स्वतःच भरते. आपल्या संस्थेचं वर्तुळ सगळ्यांत मोठं काढते. सासूसमोर काढायला घेते, मग सासूची रेघ जाड येणारच. एकदा काढून फाइलला लावते. आणि नको असलेली वर्तुळं गाळते, उदाहरणार्थ भिशी, कारण ती फॉर्ममध्ये नसते. प्रत्यक्षात भिशीतली एखादी बाई हीच बऱ्याचदा त्या घराबाहेरची एकमेव भरवशाची व्यक्ती असते.

हे आजचं नाही. समाजकार्याचा पाया घालणाऱ्या अमेरिकेतल्या मेरी रिचमंड यांनी 1917 मध्येच सांगितलं होतं, की माणसाची अडचण त्याच्या एकट्याच्या तोंडून पुरती कळत नाही, घर, शेजार, काम, शाळा सगळीकडून ती जुळवावी लागते. फरक एवढाच, की त्या काळी कार्यकर्ते मालकालाही जाऊन विचारत. आज रुग्णाच्या परवानगीशिवाय तसं करणं म्हणजे तिची नोकरी घालवणं आहे.

आता ‘समजून करायचं काय?’ याकडे येऊ. समजलेल्या गोष्टींतून वेळ, जागा, माणूस, पैसा यांपैकी एखादी तरी हलली पाहिजे. नाहीतर ती समज फाइलमधली शोभा. वेळ आणि जागेचं वर आलंच.

माणूस म्हणजे उपचार सहायक, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात ना हे बघणारी व्यक्ती. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात याची सोय आहे आणि तो आरोग्य कर्मचारीच असला पाहिजे असं नाही. निवड बाईंची. नवरा, सासू, मुलगी ही नावं आपण सुचवायची नाहीत. 14 वर्षांच्या मुलीवर आईच्या गोळ्यांची जबाबदारी टाकणं सोपं असतं आणि पुढे ती शाळेत कमी दिसू लागते. बाईंनी भिशीतल्या मैत्रिणीचं नाव घेतलं तर उत्तम. गोळ्याही तिच्याच घरी राहिल्या तर लपवाछपवी संपते.

पैसा : सरकारच्या निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात मदत जमा होते. एप्रिल 2018 मध्ये ती महिना 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून 1000 आहे. ‘खातं दिलंय ना?’ एवढ्यावर थांबू नका. खातं कोणाच्या नावावर, आधार जोडलेलं आहे का, बराच काळ व्यवहार नसल्याने बंद पडलंय का, आणि पैसे जमा झाल्याचा मेसेज कोणाच्या मोबाइलवर जातो? मेसेज नवऱ्याच्या फोनवर जात असेल तर त्या हजार रुपयांची अंडी येतीलच असं नाही. बाईंना वेगळं खातं हवं का, हे त्यांना एकटीला विचारा. तुम्ही ठरवू नका, कारण वेगळ्या खात्यावरून घरात होणारं भांडण तुम्हाला नाही, त्यांना सोसायचं आहे. कोरड्या शिध्यासाठी निक्षय मित्रांची (रुग्णांना मदत देणाऱ्या व्यक्ती-संस्थांची) सोय आहे, केंद्रावर चौकशी करा. पण शिध्याची छापील पिशवी घरी पोचवू नका. रेशन कार्ड गावचं असेल तर धान्य इथल्या दुकानातही मिळू शकतं. नाव कार्डावर आहे का आणि आधार जुळलंय का, ते बघून द्या.

गावाला जाणं आधीच विचारून ठेवा. शिमगा, गावची जत्रा, मे महिन्यातलं लग्न. दहा-बारा दिवसांचा खंड तिथेच पडतो. जाण्याआधी पुरेशा गोळ्या सोबत देता येतात, मुक्काम लांबणार असेल तर त्याच निक्षय क्रमांकावर (रुग्णाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) गावाजवळच्या केंद्रातून औषध घेता येतं. हे ‘जाऊ नका’ म्हणण्यापेक्षा खूप उपयोगाचं आहे, कारण त्या जाणारच.

घरातल्या इतरांची तपासणी झाली आहे का, हे पत्रात नाही. नवरा, दोन्ही मुलं आणि सासूबाई, सगळ्यांचीच व्हायला हवी, आणि क्षय नाही असं ठरल्यावर प्रतिबंधक उपचाराबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं. पण यासाठी घरात आजार उघड करावा लागतो. कोणाला, कुठल्या शब्दांत सांगायचं, हे बाईंबरोबर आधी ठरवा, हवं तर वाक्यं पाठ करून घ्या. याच बोलण्यात मारहाण किंवा धमकीचा सुगावा लागला तर नवरा-बायकोची एकत्र बैठक घेऊ नका. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, संरक्षण अधिकारी, 181 ही हेल्पलाइन आणि उत्पन्न कितीही असलं तरी महिलांना मिळणारी मोफत विधी सेवा, एवढी माहिती तोंडी द्या, कागद हातात देऊ नका.

एक सावधगिरी उलट बाजूचीही. परिस्थिती समजली की तरुण कार्यकर्त्यांचं मन इतकं विरघळतं, की ते गोळ्यांचं विचारायलाच लाजतात. असं करू नका. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात, आणि औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे उपचार जास्त त्रासाचे. नियमित गोळ्यांनी संसर्गाचा धोका काही आठवड्यांत खूप कमी होतो, पण चुकत राहिलं तर त्याचा भरवसा नाही, आणि घरात सात वर्षांचं पोर आहे. हे बाईंना स्पष्ट, आवाज न चढवता सांगा. त्या चार घरांची घड्याळं सांभाळतात, त्यांना हिशेब कळतो. मग विचारा, ‘यात तुम्हाला काय जमेल?’ त्यांनी ‘रात्री जेवल्यावर’ म्हटलं आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर तीच वेळ. तुमची आवडती वेळ नव्हे.

नोंदीबद्दल. ‘डिफॉल्टर’ हा शब्द जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच आपल्या व्याख्यांतून काढून टाकला, कारण त्यात सगळा दोष रुग्णाच्या माथी जातो. आपल्याकडच्या बोलण्यात मात्र तो अजून ठाण मांडून आहे. ‘असहकार’ त्याचाच मराठी भाऊ. तुमची नोंद अशी असू द्या : ‘84 पैकी 14 गोळ्या शिल्लक. काही दिवशी मात्रा कमी घेतल्याची शक्यता. केंद्राची वेळ व कामाची वेळ एकच, भेटीमुळे वेतन कापले जाते का ते विचारायचे. घरी भेट नको असावी, कारण विचारायचे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवले (तारीख). पुढील भेट : औषध नेण्याच्या दिवशी, केंद्रावर, 10 मिनिटे.’ जे दिसलं ते आणि जे तुमचं अनुमान आहे ते वेगळं ठेवलंत, की फाइल उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात गेली तरी चालते. वरिष्ठांना परिस्थितीवर भाषण देऊ नका, हीच नोंद दाखवा. 60 केसेसचा त्यांचा प्रश्न खरा आहे. सगळ्या साठांचा दिवस मांडणं जमणार नाही. गोळ्या उरणाऱ्या आणि भेटी चुकवणाऱ्या पाच-सहा जणांचाच मांडा, असं म्हणालात तर ते ऐकण्याची शक्यता जास्त.

गोळ्या न्यायच्या दिवसाआधी पुन्हा इलठणपाड्यात जाऊ नका. दुसऱ्या कोणाच्या कामासाठी त्या गल्लीत गेलात आणि सासूबाई दारात दिसल्या, तर ‘बऱ्या आहात ना?’ एवढंच विचारा आणि पुढे चालू लागा.